दोन खुर्च्यांची बाल्कनी

साकोली, ६ मार्च २०२५

आक्का,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. नमस्कार करते, घ्यायचा असेल तर घे.

भंडारा रोडला गाडीतून उतरलीस ती सरळ ऑटोत जाऊन बसलीस. मी मागून हाका मारत होते, हे दोन्ही हातांत बॅगा घेऊन उभे होते. स्टेशनावर चहासुद्धा घेतला नाहीस. तू अड्याळला नीट पोचलीस हे मला धर्मूकडून कळलं. एका जिल्ह्यात राहणाऱ्या दोन बहिणी, आणि एकीची खबर दुसरीला बंगलोरच्या मुलाकडून यावी, हे बरं दिसतं का?

खोलीचं तुझ्या मनात राहिलं असेल तर सांगून टाकते. आपण उशिरा बुकिंग केलं, तोवर जहाज भरत आलं होतं. इथल्या टूरच्या ऑफिसात रिता नावाची मुलगी आहे, तिने ज्या दोन खोल्या दिल्या त्या घेतल्या. आमच्या खोलीला बाल्कनी आहे हे मलाही तिथे गेल्यावरच कळलं. तुला तसाही वारा सोसत नाही. आणि तुझी खोली काही वाईट नव्हती. एसी होता, टीव्ही होता, रोज पांढरी चादर बदलून जात होते.

माझ्या निवृत्तीनिमित्त मुलाने एवढ्या हौसेने जहाजाची सहल दिली, आणि शेवट असा व्हावा याचं मला फार वाईट वाटतं. जहाजाच्या गच्चीवर तू खुर्चीत बसली आहेस तो फोटो छान आला आहे. धुवून घेतला, सोबत पाठवते.

यांचा नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
हर्षा

साकोली, २८ मार्च २०२५

आक्का,

तुझं उत्तर आलं नाही. नाही आलं ते बरंच झालं. आलं असतं तर मी मागच्या पत्रातलंच पुढे रेटलं असतं.

परवा धर्मूचा फोन होता. म्हणाला, "आई, मोठी आईला विचारलं, कसं वाटलं जहाज? तर म्हणते, लय मस्त होतं बाबू, जेवण बी मस्त. पण आई, मला एक सांग, आतली खोली तिनेच मागितली होती ना?"

मी म्हटलं, "हो रे, तिनेच. वाऱ्याचा त्रास होतो ना तिला."

बोलून फोन ठेवला आणि ओट्याशी तशीच उभी राहिले. हे मी त्याच्याशी दुसऱ्यांदा बोलले होते. आणि तू त्याला काहीच सांगितलं नव्हतंस.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. जहाज भरलेलं नव्हतं. बाल्कनी असल्याचं मला आधीपासून माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, ती मी निवडून घेतली होती.

धर्मूने मला सांगितलं होतं, "आई, मी पैसे भरून ठेवतो, खोल्या तू निवड. शेजारी शेजारी दोन घे, दोन्ही बाल्कनीच्या. मधला पडदा उघडता येतो, मी विचारून ठेवलं आहे. म्हणजे तू, बाबा आणि मोठी आई तिघं एकत्र बसाल." त्याचे शब्द मला अजून तसेच आठवतात.

रिताने मला जहाजाचा नकाशा छापून दिला. एकेक मजला वेगळ्या कागदावर, कागदावर शेकडो चौकोन. मी तो घरी आणला आणि आठ दिवस पेन्सिल घेऊन त्याच्यापुढे बसले. शाळेत परीक्षेच्या वेळी पोरांच्या बाकांचा आराखडा करायची तसंच. रिताकडे रोज एक नवा प्रश्न घेऊन जायची. ती पोरगी कंटाळली नाही. ती म्हणायची, "मॅडम, बाल्कनी म्हटली म्हणजे सगळ्या सारख्या नसतात." तिनेच मला शिकवलं की पुढच्या बाजूला वारा इतका लागतो की बसवत नाही. मधल्या मजल्यांवर काही बाल्कन्यांच्या खाली जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात, बघायला गेलं की समुद्राऐवजी होडीचं नारंगी छप्पर दिसतं. नाचगाण्याच्या हॉलच्या वर खोली घेऊ नये. कठडा कुठे काचेचा असतो, कुठे लोखंडाचा. लोखंडाचा असला तर खुर्चीत बसल्यावर पाणी दिसत नाही, उभंच राहावं लागतं. आणि बहुतेक बाल्कन्यांत दोन साध्या खुर्च्या मावतात, गुडघे कठड्याला टेकतात.

मग एके दिवशी तिने नवव्या मजल्याच्या मागच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही पाहा मॅडम. ही खोल आहे. मागं टेकायच्या दोन लांब खुर्च्या, पाय ठेवायला स्टूल, मध्ये टेबल. अर्ध्या भागावर सावली. काचेचा कठडा. आमच्याकडचे एक डॉक्टर गेले होते, ते चार दिवस बाहेरच पडले नाहीत."

मी विचारलं, "अशा दोन आहेत का?"

"एकच उरली आहे. आणि ही घेतली तर भरलेल्या रकमेत दुसरी बाल्कनीची नाही बसणार. दुसरी आतली होईल. चौथ्या मजल्यावर, बिना खिडकीची."

मी म्हटलं, विचार करून सांगते. ऑफिसातून उतरले, हायवेच्या कडेने पानठेल्यापर्यंत गेले, एक ट्रक जाऊ दिला आणि परत फिरले. आक्का, विचार एवढाच. यांनाही विचारलं नाही. धर्मूला फोन करून थोडे आणखी दे म्हटलं असतं तर त्याने दिले असते. तेही केलं नाही, कारण मग त्याने दोन्ही बाल्कनीच्याच घे म्हटलं असतं. आणि शेजारी शेजारी.

रिता म्हणाली, "नक्की ना मॅडम? चार दिवस उजेड नाही दिसणार त्यांना."

मी म्हटलं, "ती शेतातली बाई आहे. खोलीत बसते कुठे?"

मुंबईला जहाजावर चढल्यावर मी आधी तुला तुझ्या खोलीत सोडलं. तू चारही भिंतींवरून हात फिरवलास. म्हणालीस, "खिडकी नाही का वं?"

मी म्हटलं, "जहाजाले खिडक्या नसतात आक्का. पाणी शिरन ना."

तू म्हणालीस, "हाव, बरोबर." मग पिशवी पलंगावर ठेवत म्हणालीस, "दिवस निंघाला का नाही ते कसं समजते?" मी तुझ्या फोनमध्ये सहाचा गजर लावून दिला आणि वर गेले.

मी तुला वर येऊ दिलं नाही. दर वेळी मीच खाली यायची. तू विचारायचीस, तुमची खोली कुठं आहे, मी म्हणायची, लय दूर आहे, जिने चढाव लागतात, तुह्या गुडघ्याले होणार नाही. लिफ्ट होती आक्का. तुझ्या दारापासून दहा पावलांवर.

तिसऱ्या दिवशी समुद्र हलायला लागला. सकाळी नाश्त्याला मला मळमळत होतं ते तू दुरून पाहिलं असणार. मी त्या लांब खुर्चीत स्टुलावर पाय ठेवून डोळे मिटून पडले होते. दार वाजलं. यांनी उघडलं. यांचा आवाज ऐकला, "या ना आक्का, या." वळून पाहिलं तर तू दारात. कोणाला विचारत आली असशील, कोणास ठाऊक. आतला पलंग, सरकती काच, त्यापलीकडे मी, माझे पाय, माझ्या मागे सगळा समुद्र, असं सगळं तू एकदा पाहिलंस. आत पाऊल टाकलं नाहीस. म्हणालीस, "ओकारीची गोळी आणली होती." दाराजवळच्या टेबलावर ती ठेवलीस आणि गेलीस.

मी उठले नाही. मागून आले नाही. हे म्हणाले, "जा की." मी म्हटलं, "मला चक्कर येते आहे." चक्कर येत नव्हती.

एवढं सांगायचं होतं. राग आला तर राग लिहून पाठव.

हर्षा

साकोली, १९ एप्रिल २०२५

आक्का,

मागचं पत्र पेटीत टाकल्यावर मला वाटलं होतं की हलकं वाटेल. एक दिवस वाटलंही. मग लक्षात आलं की खोलीचं सांगून मी दुसरं झाकलं आहे. खोलीचं सांगणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

ते दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या जेवणाचं आहे. म्हणजे तू गोळी घेऊन आलीस ती याच्यानंतर. हे मी दोन महिने स्वतःपाशी म्हणत आहे, अजून नीट म्हणता येत नाही.

आपल्या टेबलावर पुण्याचं जोडपं बसायचं. तो माणूस प्राचार्य होता, बाईंना गाण्यातलं कळत होतं. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगून टाकलं होतं की आमची खोली नवव्या मजल्यावर आहे, मागच्या कोपऱ्याची. त्या बाई म्हणाल्या होत्या, "अरे वा, तुम्हाला प्रवासाची चांगलीच जाण दिसते." आक्का, मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण मला असं कोणी म्हटलं नव्हतं. त्या एका वाक्याने मी इतकी फुगले की ते जपायला काहीही केलं असतं.

तू ताट घेऊन आलीस. ताटात भात आणि वरण. कमरेच्या पिशवीतून लसणाच्या चटणीची डबी काढलीस आणि त्या बाईंच्या पुढे धरलीस. "घ्या वं बाई, घरची हाय. इथलं सारं फिकंच लागते." त्या हसल्या, घेतली नाही. तू पाणी आणायला गेलीस. त्यांनी विचारलं, "या कोण तुमच्या?"

मी म्हटलं, "आमच्याकडे असतात. घरकामाला. म्हटलं, त्यांनाही एकदा समुद्र दिसू दे."

नुसतं "ओळखीच्या" म्हणून भागलं असतं. मी इतकं सगळं म्हटलं. त्या बाई म्हणाल्या, "किती मोठं मन तुमचं." आणि मी मान खाली घालून ते घेतलं. मान वर केली तर तू मागे उभी होतीस. दोन्ही हातांत पाण्याचे ग्लास. एक माझ्यापुढे ठेवलास.

जेवण झाल्यावर तू उठलीस. माझं ताट उचललंस, यांचं उचललंस. मग हात लांब करून त्या बाईंचंही उचललंस, एकावर एक ठेवून नेलीस. तिथे ताटं उचलायला माणसं होती. बाई म्हणाल्या, "फार चांगली मिळाली हो तुम्हाला." हे आपल्या बोटांकडे बघत बसले होते. 

त्यानंतर तू आमच्याबरोबर जेवायला आली नाहीस. मी विचारलंही नाही.

माझी सिहोऱ्याच्या बाजूला बदली झाली तेव्हा धर्मू दहा महिन्यांचा होता. तू त्याला सहा वर्षं सांभाळलंस. गुलाब भाऊजी गेले त्या वर्षीसुद्धा त्याला माझ्याकडे पाठवला नाहीस. म्हणालीस, तुह्या शाळेचं इन्स्पेक्शन आहे, होऊन जाऊ दे. मी शनिवारी यायची तर तो तुझ्या पदराआड लपायचा, आणि मी रडायची, आणि तू त्याला रागवायचीस की ही माय आहे तुही. तेव्हापासून तो तुला मोठी आई म्हणतो. त्याच बाईला मी घरकामाला ठेवलेली म्हटलं.

काहून म्हटलं? मी हे दोन महिने शोधत आहे. तुझी लाज वाटली. तुझ्या हिरव्या लुगड्याची, पायातल्या रबरी चपलेची, "हाय" म्हणण्याची. आणि ते सगळं माझंही आहे म्हणून जास्त वाटली. त्या बाईला वाटू नये की मी तिथूनच आले आहे, जिथून तू आलीस.

आता तुझी लाज वाटत नाही. आता बाजारात गेले की वाटतं, लोकांना माझ्या तोंडावर दिसतं आहे.

काल धर्मूला फोन करून सगळं सांगितलं. खोलीचं आणि टेबलावरचं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई, मी ठेवतो." त्यानंतर त्याने फोन उचललेला नाही.

क्षमा मागायचं धाडस नाही. पत्र फाडलंस तरी चालेल, फक्त वाचून फाड.

हर्षा

अड्याळ, ३० मे

हर्षाले आशीर्वाद.

तिन्ही चिठ्ठ्या भेटल्या. माह्यानं लवकर लिव्हनं होत नाही. चौथीपर्यंतच्या शाळेचं लिव्हनं हाय हे. तू शाळेतल्यासारखं लिव्हते, मले एकेक ओळ दोनदा वाचा लागते.

धक्क्यावर उभी होती तवाच मले जहाजाच्या गॅलऱ्या दिसल्या होत्या. हजार असतीन. मी का आंधळी हाय? तू म्हटलं, जहाजाले खिडक्या नसतात, तं मी हाव म्हटलं. म्हटलं, इले काहीतरी अडचण असन, सांगन मंग. पयला दिवस गेला, दुसरा गेला. गोळी घेऊन आली तवा बी मले वाटलं, आता उठन, आता म्हणन, आक्का ये बस. तू डोये मिटून घेतले. मले लागलं थे इतकंच. खोलीचं काय घेऊन बसली? मी फक्त झोपाले जात होती तेथ.

अन् थ्या पुण्याच्या बाईचं. ताट काहून उचललं माहीत हाय का? मले तुहा राग आला होता. म्हटलं, तू म्हटलं ना कामवाली, तं पाह्य आता. तुले झोंबाव म्हणून उचललं. मी बी काही देव नाही.

पण धर्मूले कायले सांगतलं? पोरगं तिकडं एकटं राह्यते. मले फोन केला अन् लहान लेकरासारखं रडलं. तुहं मन हलकं झालं, त्याचं जड झालं. असं नको करत जाऊ. तुह्या साऱ्या चिठ्ठ्यांत तू किती वाईट हायस तेच लिव्हलं. पुंडलिकरावची शुगर कशी हाय, तू काय खाते, दिवसभर काय करते, एक ओळ नाही. मी तुहं पाप वाचून काय करू?

मी अजून रागातच हाय. खोटं कायले लिव्हू. ये म्हणत नाही. आली तं दार लावणार नाही.

धानाच्या रोवण्याचे दिवस येतीन आता, मले वेळ नाही.

रुखमिणी

अड्याळ, २२ जुलै २०२५

धर्मू,

तू फोन उचलत नाहीस त्याबद्दल माझी तक्रार नाही. हे पत्र तुझ्या मनावर आणखी ओझं ठेवायला लिहीत नाही. मोठी आई त्याबद्दल मला रागावली आहे, आणि तिचं खरं आहे. घडलं तेवढंच सांगते.

परवा सकाळच्या बसने मी अड्याळला आले. तिच्या पत्राला दीड महिना होऊन गेला होता. दोनदा बॅग भरली आणि दोनदा सोडली. शेवटी तुझे बाबा म्हणाले, "मी वरण भात करून घेतो. तू जा." त्यांची शुगर आता ठीक आहे.

घराला कुलूप होतं. समोरच्या ओसरीवरचे म्हातारे चिंधू म्हणाले, "आक्का बांधीत हाय. रोवणा चालू हाय तिचा." मी बॅग त्यांच्याकडे ठेवली आणि तलावाच्या पाळीने निघाले. तुला आठवत असेल, पाळ संपली की खाली तिचं शेत. त्या धानाच्या बांधीत पाणी भरलेलं होतं. आठ-नऊ बाया एका ओळीत वाकून धानाचे कोवळे परे चिखलात रोवत मागे मागे सरकत होत्या. मोठी आई मधोमध होती, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. तिने मला पाहिलं. हात थांबवला नाही.

मी चपला हातात घेऊन शेताच्या कडेच्या धुऱ्यावर उभी राहिले. काय बोलायचं ते साकोलीपासून पाठ करत आले होते. सगळ्यांच्या देखत पाया पडायचं, सगळ्यांच्या देखत सांगायचं, असं ठरवलं होतं. तेवढ्यात ओळीच्या टोकाची ताराबाई उभी राहिली. तिने कपाळावरचा चिखल पुसला आणि ओरडली, "आल्या का वं जहाजवाल्या बाई!"

सगळ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या झाल्या. हसत होत्या, मला बघून खरंच आनंदल्या होत्या. एक म्हणाली, "बाई, तुमच्या आक्कानं सारं सांगतलं आमाले. तुम्ही दोघी बहिणी गॅलरीत बसून समुद्र पाहत होत्या म्हणे."

मला समजलंच नाही. मी मोठी आईकडे पाहिलं. ती वाकलेलीच होती.

ताराबाई म्हणाली, "खुर्च्या लय मऊ होत्या म्हणे. पाय ठेवाले बी स्टूल. सांग ना वं आक्का पुन्हा, हे बाई बी आयकतीन."

"किती वेळा सांगू?" मोठी आई म्हणाली. पण ती उभी राहिली. दोन्ही हातांत परे, कोपरापर्यंत चिखल. माझ्याकडे न बघता, तलावाकडे बघत ती सांगायला लागली.

"नववा मजला होता. सरकती काच होती, आरपार दिसे अशी. काच सरकवली का बाहीर गॅलरी. दोन लांब खुर्च्या, मंधात टेबल. कठडा बी काचेचा, म्हंजे बसल्या बसल्या पाणी दिसे. ऊन अर्ध्यातच येत होतं. एका खुर्चीत मी, एका खुर्चीत ही. मी खाली पाय सोडून बसली होती, तं ही म्हणे, आक्का, पाय वर घे, स्टूल हाय. मी म्हटलं, पाय मळके हायत. ही म्हणे, राहू दे मळके. मले मळमळलं तं इनं गोळी आणून देल्ली. पुंडलिकराव चहा मागवत."

धर्मू, तिने ती बाल्कनी दारातून पाहिली होती. किती वेळ? मी वळून बघेपर्यंत. तेवढ्यात तिने सगळं पाहून घेतलं होतं, सावली कुठपर्यंत येते तेसुद्धा. आणि त्या खुर्चीत तिने स्वतःला बसवलं होतं. मला तिच्या शेजारी बसवलं होतं. गोळी माझ्या हातात दिली होती. मार्चपासून ती सगळ्या गावाला हे सांगत होती, अड्याळमध्ये मला कोणी नावं ठेवू नयेत म्हणून.

सांगून झाल्यावर तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "नाही का वं हर्षा?"

माझ्या तोंडात खरं तयार होतं. ते बोलून टाकलं असतं तर मी तिथेच रडले असते, बायांनी मला समजावलं असतं, मला बरं वाटलं असतं. आणि मोठी आई आठ बायांपुढे खोटी पडली असती. मला तिचं वाक्य आठवलं. तुहं मन हलकं झालं.

मी म्हटलं, "हाव, आक्का."

"दोघी बहिणीचं नशीब चांगलं हाय," ताराबाई म्हणाली. बाया पुन्हा वाकल्या. मी तशीच उभी. पाठ केलेल्यातलं काहीच उरलं नव्हतं.

मोठी आई म्हणाली, "मंग? धुऱ्यावर किती वेळ उभी राहशीन? उतर."

मी साडी खोचली आणि उतरले. गार चिखल पोटऱ्यांपर्यंत आला. तिने आपल्या डाव्या हाताला जागा केली आणि परे दिले. चाळीस वर्षांनी हातात परे घेतले, सगळे वाकडे पडायला लागले. ती माझ्या ओळीतले वाकडे उपटून पुन्हा लावत होती.  जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना भाकरी दिली, मलाही दिली, बोलली नाही. मला वाटलं, एवढंच. बायांपुढे तिने माझं झाकलं, पण तिचं माझ्याशी संपलं आहे.

दुपार कलल्यावर आम्ही दोघी ओळीत थोड्या मागे राहिलो. माझ्यामुळेच. बाकीच्या पुढच्या बांधीत गेल्या होत्या, त्यांच्या गप्पांचा नुसता आवाज येत होता. ती वाकलेलीच म्हणाली, "एक सांग."

"काय?"

"तुही गॅलरी मागच्या बाजूनं होती ना? तेथून जहाजाच्या मागचं पाणी कसं दिसे? मी गच्चीवरून समोरचंच पाहिलं. बाया मले विचारतात, मी काहीबाही सांगतो."

 मग मी सांगायला लागले. म्हटलं, आक्का, पाणी निळं नसे, हिरवं असे, बाटलीच्या काचेसारखं. जहाज जिकडून आलं तिकडे मागे पांढऱ्या फेसाची रुंद वाट पडे, सडकेसारखी सरळ, पार आभाळापर्यंत. जवळ ती खवळलेली, दूर गेली की शांत होत जाई, आणि शेवटी तिचा नुसता एक गुळगुळीत पट्टा राहत असे, आजूबाजूच्या पाण्याहून वेगळा. सकाळी त्या वाटेवर पांढरे पक्षी येत, एकामागे एक.

ती रोवत होती. एक मूठ संपली, तिने दुसरी घेतली, अर्धी माझ्या हातात दिली.

म्हणाली, "मंग?"

आई